बाजारतळामागच्या बागेची दवंडी

३ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी पतसंस्थेनं फुकट दिली. दर वर्षी देतात, दर वर्षी माझी बायको छबू तिच्यात दुधाचा हिशेब लिहिते. यंदा मी ठेवून घेतली, कारण आज जे ऑफिसात झालं ते कोणाशी बोलता येणार नाही. घरी बोललो तर संध्याकाळपर्यंत छबूच्या भिशीत पोचेल.

मुख्याधिकारी साहेबांनी बोलावलं. नगरपरिषदेत तीन वर्षं नगरसेवक नाहीत. प्रशासक तेच, मुख्याधिकारीही तेच. म्हणजे सकाळी प्रस्ताव मांडायचा आणि दुपारी स्वतःच मंजूर करायचा. म्हणाले, "भाऊसाहेब, बजेटला कात्री लागलीय. एक एप्रिलपासून तिन्ही बागा बंद. माळ्याचं कंत्राट संपतंय, बोअरचं वीजबिल भरायला तरतूद नाही. टिपणी तयार करा."

उद्यान विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक गळका पाइप. "हो साहेब" म्हणालो. माझं काय जातं? नोव्हेंबरात रिटायर होतोय. बाग बंद होणार असेल तर होवो. मी कारकून आहे, माळी नाही.

जेवताना छबू म्हणाली, "आज भाजीला मीठ न्हाई टाकलं, तरी बोलला न्हाई तुमी."

४ फेब्रुवारी, मंगळवार

जुनी फाइल काढली. आमच्या नगरपरिषदेचा स्वतःचाच एक जुना ठराव निघाला: कोणतीही सार्वजनिक जागा बंद करण्याआधी तीस दिवस लोकांना जाहीर सूचना द्यावी. एक वर्तमानपत्रात, दुसरी नोटीस बोर्डावर, तिसरी गावात दवंडी देऊन. हरकती घ्याव्यात, सुनावणी घ्यावी. एक एप्रिल धरला तर एक मार्चच्या आत सगळं झालं पाहिजे.

साहेबांना दाखवलं. त्यांनी तिन्ही गोष्टी दोन मिनिटांत उडवल्या. वर्तमानपत्र म्हणून एक साप्ताहिक सांगितलं, जे फक्त जाहिरात देणाऱ्याच्याच घरी येतं. बोर्ड जिन्याखाली आहे, त्याच्यापुढे रद्दीचं कपाट आहे. आणि दवंडी? "दिली म्हणून पंचनामा करून टाका. दोन पंच घ्या."

पंच म्हणजे कोण, हे सांगायला नको. समोरच्या टपरीवरचे चहावाले अमृतराव. ते आमचे कायमचे पंच. चौदा वर्षांत त्यांनी टपरीवर बसल्या बसल्या ओढ्याला आलेला पूर पाहिलाय, वादळात पडलेलं लिंबाचं झाड पाहिलंय आणि न लावलेले दिवे लागलेलेही पाहिलेत. आमच्याकडे त्यांच्या सह्या केलेले कोरे कागद असतात.

मीच ठेवले आहेत ते. हेही लिहून ठेवतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सहाला बाजारतळामागच्या बागेत गेलो. टिपणीला बाकं आणि दिव्यांचा आकडा लागतो. दुसरं कारण नाही.

तिथं पूर्वी कचऱ्याचा ढीग होता. सत्त्याण्णव साली मी या टेबलावर नवा नवा होतो, तेव्हा कडेची चिंच आणि बारा बहावे लावले. म्हणजे नगरपरिषदेनं लावले, खड्डे मी मोजून घेतले. बहाव्याला आता शेंगा आहेत. एक झाड मेलं, अकरा राहिलीत.

पाच मुली पळत होत्या, पोलीस भरतीच्या तयारीच्या. शेवगावला मैदान आहे, पण पहाटे मुलीला एवढ्या लांब कोण पाठवणार? त्यांतली पुढे पळणारी सृष्टी, आमच्या घंटागाडीवरच्या महेंद्रची मुलगी. बाकावर महेंद्रचे आजोबा कोंडीरामबाबा बसले होते. वय अठ्ठ्याऐंशी. सृष्टीची एक फेरी झाली की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. पोरगी दमून थांबली आणि म्हणाली, "किती झाल्या बाबा?" ते म्हणाले, "खिसा सांगंल. तू पळ."

मला पाहून ती जवळ आली. "भाऊसाहेब, काय लिहिताय?"

"काही नाही. बाकं मोजतोय."

"नवी बाकं येणारेत का?"

मी "बघू" म्हणालो आणि निघालो. परत येताना उगाच घाम आला. फेब्रुवारीतच उन्हाळा सुरू झालाय यंदा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पंचनाम्यावर सही केली नाही.

ठरवून केलं नाही. साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे केला: "दि. १० रोजी सर्व प्रभागांत दवंडी देण्यात आली." खाली अमृतरावांची सही आधीच होती. पेन उघडलं, टोक टेकवलं आणि हात पुढे सरकेना. इतक्या वर्षांत अशा किती कागदांवर हात सरकला असेल, देव जाणे. मी म्हणालो, "साहेब, दिली नाही ती दवंडी दिली असं कसं लिहू?"

साहेब हसले. "मग द्या ना दवंडी! कोणी अडवलंय?"

मी बाहेर येऊन टिपणी लिहिली: "ठरावानुसार गावात दवंडी देण्यास मान्यता असावी." साहेब फोनवर होते, तिथंच पुढे धरली. त्यांनी हसत सही केली. त्यांना गंमत वाटली असावी. मला वाटली नाही. वरच्यांनी तोंडी सांगितलेलं लेखी करून घ्यायचं, ही माझी जुनी सवय आहे.

मी बागेच्या बाजूनं नाही, हे इथं स्पष्ट लिहितो. बंद करायची तर करा, पण सांगून करा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दवंडी द्यायची तर कोण देणार? मला एकदम महेंद्र आठवला. त्यांच्याच घराण्याकडे पूर्वी गावची दवंडी होती, हे लहानपणी ऐकलेलं. डेपोत गेलो, तो गाडी धूत होता. मी मोठ्या आनंदानं म्हणालो, "महेंद्र, तुझ्याशिवाय हे काम होणार नाही बघ. पिढीजात मान आहे तुमचा. आजोबांची हलगी असेल ना घरी? काढ बाहेर!"

महेंद्रनं नळ बंद केला. माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, गाडीत डिझेल भरायचंय," म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. गाडी अर्धीच धुतलेली होती.

काय बिनसलं कळलं नाही. मी तर मान देऊन बोललो. कशाची दवंडी तेही त्यानं विचारलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस घंटागाडी आमच्या गल्लीत येते, गाणं वाजवते, सगळ्यांचा कचरा घेते आणि आमच्या दारापुढून न थांबता जाते. दारात दोन बादल्या तुंबल्यात. कालचे माशांचे काटे त्यातच आहेत. लेखी तक्रार करतो म्हणालो तर छबूनं कागदच ओढून घेतला.

"काय बोलला हुतात त्याला?"

सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "अहो, तुमाला खरंच कळत न्हाई, का कळून घ्यायचं न्हाई? सोनईला माझ्या माहेरी शेंबड्या पोरालाबी हे ठावं हाय. जा त्यांच्या घरी."

"कशाला?"

"गेल्यावर कळंल."

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज शिवजयंतीची सुट्टी. मिरवणुकीच्या आधी, दहाला महेंद्रच्या वस्तीत, त्याच्या घरी गेलो. नोटिशीची प्रत हातात होती. मोकळ्या हातानं जायला धीर झाला नाही.

महेंद्रची आई विमलबाई दारात गहू निवडत होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पण "कसं येणं केलं" हे विचारलं नाही. आत बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याखाली सृष्टीची पदकं. कोंडीरामबाबा खाटेवर बसलेले. मी सवयीनं "रामराम" म्हणालो. "जय भीम," बाबा म्हणाले. महेंद्र भिंतीला टेकून उभा राहिला.

मी म्हणालो, "महेंद्रला राग आलाय. माझं काय चुकलं ते विचारायला आलोय."

 बाबा बोलले. शब्द जमतील तसे उतरवतो.

"माजा बाप द्यायचा दवंडी. अंगात ताप असला तरी उठून जायचा. सरकारचं फर्मान आलं, वरड. पाटलाचा बैल हरावला, वरड. अन् ज्याच्या दारात वरडला त्याच्या वट्ट्यावर टेकायची सोय न्हाई. बदल्यात शिळी भाकर, तीबी वरून टाकलेली. छप्पन्न साली आमी दीक्षा घेतली. म्या एकोनीस वर्साचा. घरी आलो, हलगी उचलली अन् चावडीपुढं नेऊन ठिवली. म्हनलं, ही गावाची हाय, गावानं वाजवावी."

"मग?"

"मंग काय! सा महिनं कुनी कामावर बोलावलं न्हाई. गिरनीत दळन घेतलं न्हाई. माजी आई डोक्यावर पायली घेऊन शेवगावपतूर चालत जायची दळायला. त्या सा महिन्यात तिचं क्यास पांढरं झालं." बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "तुजा आजा हुता त्या दिशी चावडीत. भला मानूस हुता."

मला बरं वाटलं. विचारलं, "आजोबांनी काय केलं?"

"काय न्हाई. गप बसला."

  मी 'मान' म्हणालो होतो. पिढीजात मान! हे मी त्याला भर डेपोत, दहा माणसांसमोर म्हणालो होतो. लाज वाटली, आणि ती इथं लिहिताना पुन्हा वाटतेय.

महेंद्र पहिल्यांदाच बोलला. "पन दवंडी कशाची हुती, भाऊसाहेब?"

मी नोटीस पुढे केली. त्यानं वाचली. सृष्टी कधी मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिनं बापाच्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही नव्या बाकांसाठी मोजत नव्हता."

"नव्हतो."

"आमची मैदानी चाचणी कधीही लागेल. मग पळायचं कुठं?"

 म्हणालो, "म्हणूनच लोकांना आधी कळलं पाहिजे. दवंडी द्यायला माणूस मिळत नाही."

बाबांनी विचारलं, "नोटीस कुनाची?"

"नगरपरिषदेची."

"बाग कुनाच्या इभागात?"

"माझ्या."

"पगार कुनाला?"

"मला."

"मंग?" बाबा म्हणाले. एवढंच. विमलबाईंनी चहा आणला. चांगला झाला होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

गच्चीवर सराव. छबूनं तिच्या रुखवतातली पितळी परात आणि लाटणं दिलं. परातीचा आवाज चांगला लागतो, माझा लागत नाही. छत्तीस वर्षं ऑफिसात हळू बोलून घसा तसाच झालाय.

दुपारी चुलतभाऊ काकासाहेब आला. चाळीस एकरवाला, कारखान्याचा सभासद. त्याला कुठून कळलं कोण जाणे. चपला न काढताच बोलला, "तू दवंडी देनार म्हनं? अरं, काय शोभतं का हे? आपल्यात हे करत न्हाईत."

"का करत नाहीत?"

"का म्हंजे? करत न्हाईत."

"तेच विचारतोय. का?"

 त्यानं पोरांच्या सोयरिकी, घराण्याचं नाव, भावकी असं काहीबाही काढलं. जाताना म्हणाला, "मंगळवारी बाजारात मला तोंड दाखवायला जागा ठिवू नको तू."

छबू आतून म्हणाली, "भावजी, मंगळवारी बाजाराला येऊच नका मंग."

मी हसलो. पण परवा ताप यावा असं रात्री एकदा मनात येऊन गेलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ताप आला नाही.

साडेदहाला आठवडी बाजार भरात होता. मिरचीवाल्यांच्या रांगेत उभा राहून परात वाजवली. माणसं वळली.  कोणीतरी ओरडलं, "भाऊसाहेब, इलेक्शनला उभं ऱ्हाता का काय?" हशा झाला. मी कागद काढून वाचायला लागलो: "तमाम नागरिकांस याद्वारे सूचित करण्यात येते की, अंदाजपत्रकीय तरतुदीअभावी नगरपरिषद हद्दीतील उद्याने..." दोन ओळींत लोक पुन्हा मिरच्या निवडू लागले. कागद मीच लिहिलेला. इतकी वर्षं मी लोकांना न कळणारंच लिहीत आलोय, हे बाजारात उभं राहिल्यावर समजलं.

समोरच्या ओट्यावर कोंडीरामबाबा काठी टेकून बसले होते. कधी आले माहीत नाही. तिथून म्हणाले, "आरं, कळंल असं बोल. अन् ताठ हुभा ऱ्हा. वाकून आवाज जात न्हाई."

कागद खिशात घातला. परात पुन्हा वाजवली. "ऐका हो ऐका! एक एप्रिलपासून गावातल्या तिन्ही बागा बंद होणार हो! कुलूप लागणार हो! ज्याची हरकत असेल त्यानं पंधरा मार्चच्या आत नगरपरिषदेत लिहून द्यावं हो! बागेचं टेबल माझं! मी बसलेला असतो हो!"

मिरच्या निवडणारे हात थांबले. मग एक म्हातारी म्हणाली, "आन् मंग आमी बाजाराच्या दिशी सावलीला कुठं बसायचं रं?" तिच्या मागून दुसरी बोलली, मग तिसरा. दुपारपर्यंत घसा बसला. काकासाहेब फिरकला नाही.

एक बाजार झाला. प्रभाग नऊ आहेत. उरलेत चार दिवस, आणि उद्या महाशिवरात्र.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल दिवसभर चालून दोनच प्रभाग झाले. पाय सुजले. आज सकाळी सातला मीठ-हळदीच्या गुळण्या करत होतो, तर गाणं वाजवत घंटागाडी आली आणि आमच्या दारात थांबली. महेंद्रनं उतरून दोन्ही बादल्या रिकाम्या केल्या. मग गाणं बंद केलं आणि माइक काढून माझ्याकडे धरला.

"गाडी म्या चालवतो. तसंबी सगळ्या गल्ल्या फिरायच्याच हायेत. बोलायचं मात्र तुमी."

"महेंद्र, त्या दिवशी मी जे बोललो..."

"बाबा बोलले ना तुमाला. बसा म्होरं."

मी पुढे बसलो. आयुष्यात पहिल्यांदा घंटागाडीत बसलो. वास येतो, पाच मिनिटांनी कळेनासा होतो. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गाणं बंद, परात आणि माझा बसलेला आवाज. बायका बादल्या घेऊन दारात उभ्याच असतात. सगळं गाव रोज याच वेळेला दारात येतं, हे आमच्या एकाही परिपत्रकाला सुचलं नव्हतं. काही जणींना वाटलं कचऱ्याचा कर वाढला. त्यांना दोनदा सांगितलं.

साडेबारापर्यंत उरलेले सातही प्रभाग झाले. मग पंचनामा. अमृतरावांना टपरीवरून उठवून गाडीतून नवव्या प्रभागातल्या गल्लीत आणलं, दवंडी ऐकवली. चौदा वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांनी पाहून सही केली त्यांनी. म्हणाले, "असं असतं व्हय पंचनाम्यात!" दुसरे पंच कोंडीरामबाबा. त्यांनी अंगठा नाही दिला. सावकाश, एकेक अक्षर काढून सही केली.

ऑफिसातले कोरे कागद संध्याकाळी फाडून टाकले. अकरा होते.

३ मार्च, सोमवार

साहेबांनी कारणे दाखवा नोटीस दिली. "कार्यालयाची प्रतिमा मलिन करणे." कोणीतरी परातीचा व्हिडिओ जिल्ह्यापर्यंत पाठवला, म्हणे राहुरीच्या ग्रुपवरही फिरतोय. साहेबांना वरून फोन आला.

उत्तर म्हणून त्यांच्याच सहीची मान्यता जोडली. त्यांनी ती पाहिली, चष्मा काढला, पुसला. "तुम्ही हे मुद्दाम केलंत." मी म्हणालो, "साहेब, ठरावात होतं." ते म्हणाले, "नोटीस तुमच्या सेवापुस्तकात राहील." राहू दे म्हणालो.  इतक्या वर्षांच्या सेवापुस्तकात एकही डाग नव्हता, त्याचा मला फार अभिमान होता. आता नोव्हेंबरपर्यंत हे डोक्यावर.

छबूला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. कायतरी लिवण्यासारखं घडलं त्या पुस्तकात."

१५ मार्च, शनिवार

मुदत संपली. शनिवारची सुट्टी असूनही टेबल उघडून बसलो, कारण दवंडीत 'मी बसलेला असतो' म्हणालो होतो.

एकूण हरकती दोनशे चौदा. वहीच्या पानावर, लग्नपत्रिकेच्या मागे, एक तर गोळ्यांच्या पाकिटावर. सोळा जणांनी गटाराची तक्रार केलीय, ती वेगळी काढून आरोग्य विभागात दिली. मिरचीवालीनं लिहवून घेतलंय: "सावली बंद करू नये." सृष्टीनं एकच ओळ लिहिली: "मी या बागेत आजपर्यंत चार हजार एकशे बारा फेऱ्या मारल्या आहेत, पुरावा चिंचोके." मोजले असतील का खरंच?

नव्या कॉलनीतल्या दोन बागांसाठी मिळून फक्त चार हरकती आल्या.

२१ मार्च, शुक्रवार

सुनावणी. सभागृह भरून माणसं जिन्यावर. साहेब वाईट माणूस नाही, हे लिहिलं पाहिजे. त्यांनी उभं राहून सरळ सांगितलं की पैसे खरोखर नाहीत, माळी ठेवता येणार नाही. महेंद्र उठला. "माळी नको. पानी अन् लाइट नगरपरिषदेचं. झाडायचं, शिपायचं आमी बघतो."

मी टेबलाशी टिपण घेत होतो. खरं तर कारकुनानं सुनावणीत बोलायचं नसतं. पण बोललो. "महेंद्रच्या वस्तीनंच का? बाग सगळ्यांची आहे. बागेभोवती सात गल्ल्या आहेत, आठवड्याचे वार सात आहेत."

सभागृहात चुळबुळ झाली. मागून छबूचा आवाज आला. ती आलीय हेच मला माहीत नव्हतं. "आमच्या गल्लीचा मंगळवार लिवा!" मग बाकीच्या बायका वारांवरून भांडायला लागल्या. सोमवार कोणालाच नको होता.

निकाल: कॉलनीतल्या दोन बागा बंद. बाजारतळामागची चालू, एक वर्षासाठी, पुढे फेरविचार. दोन गेल्याच. त्यांच्यासाठीही मी ओरडलो होतो, पण तिथं दारं बंद होती आणि गाड्यांच्या काचा वर होत्या. वाईट वाटलं.

२७ मार्च, गुरुवार

साहेबांनी नव्या ठरावाचा मसुदा टाइप करायला दिला. नोटिशीचा राग गेलेला दिसला. म्हणाले, "तुमची गाडीची कल्पना भारी होती भाऊसाहेब, वरच्यांनाही आवडली. आता कायमचीच करून टाकू."

मला अभिमान वाटला. खोटं कशाला लिहू? टाइप करत गेलो. पाचवं कलम: "यापुढे सार्वजनिक सूचनांची दवंडी संबंधित प्रभागाच्या घंटागाडीवरील कर्मचाऱ्यांमार्फत देण्यात यावी."

टाइप करून झालं. चहा आला. चहा पिता पिता पुन्हा वाचलं. घंटागाड्यांवर आमच्याकडे सतरा माणसं आहेत. त्यांतली महेंद्रच्या वस्तीतली किती, हे मी कधी मोजलं नव्हतं. आज हजेरीपट घेऊन मोजलं. पंधरा. चहा तसाच राहिला.

ओळ खोडली. लिहिलं: "दवंडी ज्या विभागाचा निर्णय असेल त्या विभागाच्या लिपिकाने स्वतः उभे राहून, लोकांना समजेल अशा भाषेत द्यावी. हे काम इतर कोणावरही सोपवू नये."

साहेब वैतागले. "तुमच्यानंतर या टेबलावर जो येईल तो शिव्या घालेल तुम्हाला."

"घालू दे."

"एवढं काय आहे त्यात? गाडी फिरतेच ना रोज!"

मी म्हणालो, "साहेब, एकोणिसाव्या वर्षी एका माणसानं हे काम चावडीपुढं ठेवून दिलं होतं. ते आपण टाइप करून परत त्याच्या नातवाच्या दारात नेऊन ठेवतोय." साहेबांना किती कळलं माहीत नाही. मी कागद पुढे धरून उभा राहिलो. सही होईपर्यंत खुर्चीवर बसलो नाही.

१ एप्रिल, मंगळवार

आमच्या गल्लीचा वार. साडेपाचला मी आणि छबूनं फाटक उघडलं. बहाव्याला कळ्या धरल्यात, अकराच्या अकरा झाडांना. पाइप अजून गळतो, त्याला दोरी बांधली.

कोंडीरामबाबा बाकावर आले. "जय भीम, बाबा," मी म्हणालो. शेजारी बसलो आणि ठरावाची प्रत वाचून दाखवली. पाचवं कलम त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "सही झाली का?"

"झाली. शिक्काही मारला."

बाबांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग डाव्या खिशात हात घातला, एक चिंचोका काढला, बोटांत धरून ठेवला आणि उजव्या खिशात टाकला.

सृष्टी तेव्हा पलीकडे, चिंचेपाशीच होती. तिची फेरी पूर्ण झाली नव्हती. मी म्हणालो, "बाबा, एक जास्त धरलात."

"न्हाई," ते म्हणाले. "बराबर हाय."

मी वाद घातला नाही. वय झालंय त्यांचं, मोजताना एखादा चुकत असेल.